दौलतरावांचा निकाल

कुरुळीचे दौलतराव पंच म्हणून बसले की भांडणारे दोन्हीकडचे लोक आवाज खाली आणायचे. त्याला कारण होतं. त्यांच्या सख्ख्या भावाचा, कोंडाजीचा, बांधावरून शेजाऱ्याशी तंटा झाला तेव्हा दौलतरावांनी भर चावडीत भावाच्या विरुद्ध निकाल दिला होता. कोंडाजी पुन्हा त्यांच्या दारात आला नाही. पण त्या एका निकालानं दौलतरावांचं नाव चाकणपासून भोसरीपर्यंत गेलं. एस.टी.त अनोळखी माणूस उठून त्यांना जागा द्यायचा, आणि ते 'नको, नको' म्हणत बसायचे.

बुद्धिबळाचा नाद त्यांना लढाईच्या वर्षांत लागला. तेव्हा ते खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि तिथल्या एका मद्रासी कारकुनानं त्यांना विलायती पद्धतीचा डाव शिकवला. गावी परतल्यावर जोडीदार मिळेना, म्हणून त्यांनी तो घरातच तयार केला. त्यांचा मुलगा मुरारी. पुढं मुरारीबरोबर चाकणच्या शाळेत जाणारा निघोज्याचा ज्योतीरामही संध्याकाळचा ओट्यावर येऊन बसायला लागला. दौलतराव दोघांना सारखंच शिकवायचे, चुकलं की दोघांना सारखंच बोलायचे. एक गोष्ट मात्र त्यांनी दोघांच्या अंगात मुरवली होती. ज्या मोहऱ्याला हात लावला, ते हलवलंच पाहिजे. मोहरं नुसतं सरळ करायचं असेल तर आधी तोंडानं 'नीट करतो' म्हणायचं आणि मगच हात घालायचा.

दोघं पुण्याला कॉलेजात गेले, नाना पेठेत एका खोलीत राहिले आणि विद्यापीठाच्या बुद्धिबळ मंडळात दाखल झाले. मंडळ म्हणजे काही फार मोठा थाट नव्हता. रविवारी एका कॉलेजच्या वर्गात बाकं जोडायची, कपाटातून पट काढायचे आणि खेळत बसायचं. पण तिथं शहरातली मुलं पुस्तकांतले डाव पाठ करून यायची, आणि पहिलं वर्ष या दोघांनी नुसता मार खाल्ला. दुसऱ्या वर्षी बरोबरी साधायला लागले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, नागपूरला इतर विद्यापीठांशी खेळायला जाणाऱ्या संघात आपलं नाव लागेल असं दोघांनाही वाटायला लागलं होतं. संघातल्या पाच जागा गुणांवर ठरल्या. सहाव्या जागेसाठी मुरारी आणि ज्योतीराम यांचे गुण सारखे भरले.

"तुमच्या दोघांचा एक डाव लावू," मंडळाचा चिटणीस सयाजी म्हणाला. "जिंकेल तो नागपूरला."

सयाजी चाकणच्या कांद्याच्या अडत्याचा मुलगा. खेळायला यथातथा, पण समारंभ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं प्राध्यापकांच्या गळी उतरवलं की हा डाव चाकणलाच ठेवावा. दोन्ही पोरं तिकडचीच, विद्यापीठानं एकदा तरी खेड्यात जावं, मंडळाचे इतर खेळाडू गावकऱ्यांशी चार डाव खेळतील, चहा-फराळ वडील बघतील. पिंपरीच्या नव्या कारखान्यातले एक अधिकारी, अर्जुनराव, पाहुणे म्हणून यायला कबूल झाले. सगळं ठरलं आणि ऐन वेळी प्राध्यापक तापानं अंथरुणाला खिळले. पंच कोण, हा प्रश्न उभा राहिला.

"त्यात विचार कसला करायचा?" सयाजी म्हणाला. "दौलतराव आहेत की."

"ते मुरारीचे वडील आहेत," मंडळातला एक जण म्हणाला.

"म्हणून काय झालं? तुम्हाला ते माहीत नाहीत. आमच्याकडे कुणालाही विचारा."

ज्योतीरामला विचारलं. तो लगेच म्हणाला, "आण्णाच बसू देत. मला चालतील." मुरारीच्या मनात क्षणभर काहीतरी आलं, पण त्याला नाव देता आलं नाही. शिवाय त्याला बापाचा अभिमान होता. तोही हो म्हणाला.

चाकणच्या शाळेचा हॉल त्या दिवशी माणसांनी भरून गेला. ज्यांना घोड्याची चालही ठाऊक नव्हती तेही आले होते, कारण दौलतराव पोराच्या डावात पंच म्हणून बसणार होते. ते फेटा बांधून, पटाशेजारी खुर्ची ओढून ताठ बसले. पहिल्या रांगेत अर्जुनराव. मागं बायकांच्या घोळक्यात मुरारीची आई रुक्मिणीबाई.

डाव दुपारपर्यंत चालला. मुरारीनं हळूहळू ज्योतीरामची एक बाजू आवळत आणली. ज्योतीराम ओठ चावत बसला होता. त्याच्या हातात एकच आशा उरली होती, त्याचा वजीर. तो मुरारीच्या राजाच्या दारात उभा होता, पण मुरारीचा एक घोडा ती वाट अडवून होता. घोडा जागेवर असेपर्यंत वजिराला आत येता येत नव्हतं, आणि पुढच्या दोन-तीन चालींत मुरारीचा हत्ती डाव संपवणार होता. मंडळातल्या मुलांना हे दिसत होतं. ती आपसांत माना डोलवत होती.

चाल मुरारीची होती. तेवढ्यात चहाचं तबक घेऊन जाणाऱ्याचा धक्का टेबलाला लागला. मोहरी हलली. मुरारीचा घोडा अर्धा शेजारच्या घरात गेला.

मुरारी म्हणाला, "नीट करतो." आवाज नेहमीसारखाच, खालचा. मग त्यानं घोडा उचलून घराच्या मधोमध ठेवला.

मागच्या गर्दीतून कोणीतरी बोललं, "घोड्याला हात लावला."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. लावला, लावला. गावातल्यांना एवढा एकच नियम ठाऊक होता, सकाळी दौलतरावांनीच तो भाषणात सांगितला होता. मुरारीनं हसून बापाकडं पाहिलं. दौलतराव हाताच्या अंतरावर बसले होते. ते हसले नाहीत. त्यांची नजर पटावर नव्हती, माणसांवर होती. ती एकदा हॉलभर फिरली, आणि मग ते उभे राहिले.

"घोड्याला हात लागला," ते म्हणाले. "घोडाच खेळावा लागेल."

"आण्णा, मी म्हणालो की."

"पंचाशी वाद न्हाई."

मुरारीनं ज्योतीरामकडं पाहिलं. समोरासमोर बसलेला माणूस, त्यानं ऐकलं नाही असं होणंच शक्य नव्हतं. ज्योतीराम पटाकडं बघत होता. दौलतरावांनी त्याला काही विचारलं नाही, आणि तो आपणहून बोलला नाही.

घोडा कुठंही गेला तरी वाट उघडी पडत होती. मुरारीनं तो उचलून ठेवला. ज्योतीरामचा वजीर आत आला आणि डाव संपला.

टाळ्या ज्योतीरामला कमी आणि दौलतरावांना जास्त पडल्या. अर्जुनराव भाषणात म्हणाले की आपण आज बुद्धिबळ पाहिलं नाही, न्याय पाहिला. अशी माणसं खेड्यात आहेत म्हणून देश उभा राहील. लोक दौलतरावांच्या पाया पडले. सयाजीच्या वडिलांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. मुरारी टेबलापाशी बसून राहिला. मोहरी गोळा करणाऱ्यानं त्याला जरा सरकायला सांगितलं तेव्हा तो उठला.

घरी आल्यावर रुक्मिणीबाईंनी त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसल्या.

"तुजं चुकलं न्हाई, ह्ये मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "म्या लांब व्हते, पर तुजे ओठ हललेले बघितले. पर त्यास्नी इचारू नगंस."

"का नको?"

"त्यास्नी त्येवढं येक नावच हाय, म्हणून."

मुरारीनं काही दिवस तोंड मिटून काढले. आण्णांना खरंच ऐकू आलं नसेल, कान आता म्हातारे झाले, अशी त्यानं मनाची समजूत घातली. तशी ती पटली असती तर बरं झालं असतं. पण ज्योतीराम संघाबरोबर नागपूरला निघाला त्या सकाळी त्याला राहवेना. दौलतराव मळ्यात कांद्याला पाणी देत होते. मुरारी पाटाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

"आण्णा, मी 'नीट करतो' म्हणालो ते तुम्हाला ऐकू आलं होतं?"

दौलतरावांनी खोऱ्यानं एका वाफ्याचं दारं मोडलं, दुसऱ्याचं धरलं. मग म्हणाले, "आलं हुतं."

"मग?"

"मला आलं. लोकास्नी आलं न्हवतं."

मग तेच पुढं बोलले. "मी म्हणलो असतो की पोरगं बोललं, तर किती जणांनी खरं मानलं असतं? सगळे म्हणले असते, बापानं पोराला वाचवलं. इतक्या वर्सांचं नाव एका घोड्यापायी घालवू?"

"ज्योतीरामला विचारायचं होतं. तो खरं बोलला असता."

"आन् न्हाई बोलला तर?"

पाणी वाफ्यातून वाहत होतं. मुरारी म्हणाला, "कोंडाजीकाकांच्या बांधाचंही असंच होतं का, आण्णा?"

दौलतरावांनी मान वर केली नाही. मुरारी तसाच माघारी फिरला, आणि त्या दिवसापासून त्या घरात बाप-लेकांचं बोलणं रुक्मिणीबाईंच्या तोंडून व्हायला लागलं. जेवायला बोलवा, बैल बांधायला सांगा, सगळं त्यांच्यामार्फत. "आधी भाऊ घालवला, आता ल्योक," असं त्या एकदा चुलीपाशी पुटपुटल्या. दौलतरावांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

ज्योतीराम नागपूरहून परतला तो विद्यापीठाचा कोट घालून. खोलीवर मुरारीची वळकटी नव्हती. तो कुरुळीला आला, ओट्यावर न बसता बाहेर उभा राहिला.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, आण्णा मला विचारतील. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"न विचारता सांगता आलं असतं."

"आलं असतं," ज्योतीराम म्हणाला. मग तो निघून गेला. पुढं त्या दोघांनी एकमेकांशी डाव मांडला नाही.

मुरारीनं परीक्षा कशीबशी दिली. पास झाला, आणि पिंपरीच्या कारखान्यात स्टोअरमध्ये जागा निघाली म्हणून मुलाखतीला गेला. बाहेर त्याच्याहून चांगल्या गुणांची मुलं बसली होती. आत मधल्या खुर्चीवर अर्जुनराव होते. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाले, "हा दौलतरावांचा मुलगा. चाकणचा तो किस्सा मी सांगितला नव्हता का?" मग मुरारीला म्हणाले, "अशा घरचा माणूस स्टोअरच्या किल्ल्या सांभाळायला मिळतोय, आणखी काय विचारायचं?" खरंच त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

त्या खुर्चीत बसल्या बसल्या नोकरी नाकारावी असं मुरारीच्या मनात येऊन गेलं. पण दुसरीकडं कुठं काही नव्हतं. त्यानं हात जोडले.

दीड-दोन वर्षांनी कारखान्याच्या कॉलनीत विद्यापीठाच्या मंडळाशी सामना ठरला. कारखान्याच्या संघात मुरारीचं नाव अर्जुनरावांनी स्वतः घातलं, आणि पाहुणे म्हणून दौलतरावांना गाडी पाठवून आणलं. मंडळातली जुनी मुलं एव्हाना निघून गेली होती. मुरारीसमोर चष्मा लावलेला एक कोवळा विद्यार्थी बसला. अर्जुनरावांनी सामन्याआधी उभं राहून तो सगळा किस्सा सांगितला. बापाला पोर जिंकताना दिसत होतं, तरी कसे ते उभे राहिले, कसं त्यांनी पंचाशी वाद नाही म्हणून सांगितलं. दौलतराव मान खाली घालून ऐकत होते, लाजल्यासारखे.

टाळ्या थांबल्यावर समोरच्या विद्यार्थ्यानं वाकून विचारलं, "तुमचा खरंच हात लागला होता?"

त्यानं हळूच विचारलं, पण पुढच्या रांगेपर्यंत ते गेलं. दौलतरावांनी मान वर केली. अर्जुनराव हसत मुरारीकडं बघत होते. उत्तर काय येणार हे त्यांना ठाऊकच होतं.

"लागला होता," मुरारी म्हणाला.

दौलतराव खुर्चीत मागं टेकले. शेजारच्या कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. विद्यार्थ्यानं आदरानं मान डोलावली आणि घड्याळ सुरू केलं. पहिली चाल मुरारीची होती, आणि कोणतं प्यादं ढकलावं हे त्याला बराच वेळ सुचेना.