बाबांचे दोन घोडे

हे सगळं १९७३ साली झालं. जूनमध्ये सुरू झालं आणि दिवाळीनंतर महिन्याभरात संपलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि महानगरपालिकेच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवत होते. माझी धाकटी बहीण जयवंता एकवीसची. नर्सिंगचा कोर्स करून ती धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात लागली होती. आम्ही नागपुरात इंदोऱ्याला राहायचो. आमचे वडील धोंडबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे. पहाटेची पाळी करून चारच्या आत घरी यायचे.

कामठी रस्त्याला तेव्हा स्पेनमधून आलेल्या तीन सिस्टर कुष्ठरोग्यांसाठी एक लहान दवाखाना चालवत. रोग बरा झाला तरी वाकलेली बोटं वाकलेलीच राहतात. ती गरम मेणात बुडवून, तेल लावून, व्यायाम देऊन जमेल तेवढी सरळ करायची, हे त्यांचं काम. त्यांच्या देशातल्या संस्थेने त्या वर्षी कळवलं, की नागपूरच्या एका नर्सला हे काम शिकायला दोन वर्षं तिकडे नेऊ. जागा एकच. अट अशी, की तिला रोजच्या वापरापुरती स्पॅनिश बोलता आली पाहिजे. दोघींनी नावं दिली. एक आमची जयवंता, दुसरी लकडगंजची प्रेमलता, जिच्या वडिलांची लाकडाची वखार होती. दिवाळीनंतर तिकडचे एक म्हातारे डॉक्टर येऊन दोघींशी बोलणार आणि एकीला निवडणार, असं ठरलं.

जयवंताला ती जागा हवी होती ती विमानासाठी नाही. आमचा नत्थूमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, याला तो रोग होऊन गेला होता. दर पंधरवड्याला तो यायचा आणि आई कितीही म्हणाली तरी आत न येता ओट्यावरच बसायचा. त्याच्या दोन्ही हातांची बोटं तळव्याकडे वळलेली होती. चहाचा कप तो दोन मनगटांमध्ये धरायचा. जयवंता दहा वर्षांची असल्यापासून त्याच्या बोटांना तेल चोळायची. तेल चोळून काही होत नाही हे तिला नर्सिंगला गेल्यावर कळलं. काय केल्याने होतं, ते तिला शिकायचं होतं.

मोठ्या सिस्टरचं नाव पिलार. पन्नाशीच्या, उंच, हिंदी भरभर बोलणाऱ्या पण कोणत्याही शब्दाला कोणतंही लिंग लावणाऱ्या. दोघींना स्पॅनिश शिकवायला त्यांनी पुस्तक घेतलं नाही. औषधांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून कार्डं केली. एका बाजूला एक शब्द, दुसऱ्या बाजूला त्या शब्दाचं एक वाक्य. आठवड्याला दहा कार्डं मिळायची. जयवंता त्यावर देवनागरीत उच्चार आणि खाली मराठी अर्थ लिहायची. घरी मी शब्द वाचायचा आणि तिने वाक्य म्हणायचं, असं आमचं चालायचं. त्यामुळे कार्डं तिच्याइतकीच मलाही पाठ झाली.

पहिल्याच आठवड्यात घोड्याचं कार्ड आलं. जयवंता भाकरी थापता थापता म्हणत होती, “मि पाद्रे तियेने दोस काबायोस.” बाबा दारात पाय धूत होते.

“काय म्हणून राहिली वं?” त्यांनी विचारलं.

“माझ्या वडिलांकडे दोन घोडे आहेत,” मी अर्थ सांगितला.

“कोणाच्या वडलाकडं?”

“माझ्या,” जयवंता म्हणाली.

बाबांनी अंगणात पाहिलं. तिथे एक सायकल होती आणि शेजाऱ्यांची बकरी. “कवा आणले वं मी घोडे?”

आई चुलीपाशी हसली. बाबाही हसले. पण जेवण झाल्यावर म्हणाले, “सकाळी उठून पंचशील म्हणायचं, खोटं बोलणार नाही म्हणायचं, अन् संध्याकाळी घोडे आणायचे. हे काही बरोबर नाही दिसत मले.”

बाबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा ते पस्तिशीचे होते. पाच शीलांपैकी चौथं त्यांनी जरा जास्तच धरलं. उशीर झाला तर मुकादमाला ‘झोप लागली’ असं सरळ सांगून बोलणी खायचे. दारात नको असलेला माणूस आला तर आम्हाला ‘बाबा घरी नाहीत’ म्हणू द्यायचे नाहीत. उठून जायचे आणि ‘मले आज बोलाचं नाही’ असं तोंडावर सांगायचे. वस्तीत त्यामुळे त्यांना मान होता, आणि बरेच लोक त्यांना टाळायचेही.

“बाबा, ते वाक्य नुसतं शब्द लक्षात राहावा म्हणून असतं,” मी म्हटलं.

“मंग खऱ्या वाक्यानं नाही राहत का लक्षात?”

जयवंताने त्या रात्री घोड्याच्या वाक्यावर एक रेघ मारली आणि खाली नवीन वाक्य लिहिलं, ‘आमच्याकडे घोडा नाही.’ बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

तिथून ती पद्धतच झाली. बाबा घरी आले, चहा प्यायले, की दहा कार्डं त्यांच्यापुढे मांडायची. वाक्य खरं असेल तर राहायचं, नसेल तर त्यावर रेघ. ‘पाणी थंड आहे’ हे माठात हात घालून मान्य झालं. ‘खिडकीतून डोंगर दिसतो’ हे गेलं, कारण आमच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची. ‘माझा भाऊ वकील आहे’ गेलं. ‘स्वयंपाकघरात चार खुर्च्या आहेत’ गेलं. बर्फाचं कार्ड आलं तेव्हा त्यावर ‘नागपुरात बर्फ पडत नाही’ आलं. समुद्राच्या कार्डावर ‘मी समुद्र पाहिला नाही’. खरं बोलायचं म्हटलं की आमच्या घरातली बहुतेक वाक्यं ‘नाही’वर संपायची. बाबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट त्यांना ते आवडू लागलं होतं. एखाद दिवशी मी उशिरा आले तर विचारायचे, “आज तुमचे घोडे-हत्ती नाही आले का?”

सिस्टर पिलारना हे लक्षात आलं. एकदा मी जयवंताला घ्यायला गेले होते तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “जयवंता, तुम्हारी घर में कुछ है भी? घोड़ा नहीं, कुर्सी नहीं, पहाड़ नहीं. प्रेमलता के घर में देखो, सब कुछ है.”

“प्रेमलताच्या घरी पण घोडा नाही, सिस्टर,” जयवंता म्हणाली.

“पर बोलती तो है.”

प्रेमलता शेजारीच होती. ती हसून म्हणाली, “माझ्याकडे दोन नाही वं जया, तीन आहेत. एक तुले देईन.” तिच्यात कुजकेपणा नव्हता. ती बोलायला लागली की वाहनं, भाऊ, बंगले, समुद्रावरच्या सहली, सगळं भराभर येत जायचं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेवटची कार्डं आली, दवाखान्यातल्या शब्दांची. हात, बोट, ताप, दुखणं, पट्टी. त्यात एक ‘बरं’ या शब्दाचं होतं. सिस्टरनी वाक्य दिलं होतं, ‘उद्या तुम्हाला बरं वाटेल.’

बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं. “कोणाले बरं वाटन?”

“पेशंटला,” जयवंता म्हणाली.

“अन् नाही वाटलं तर? उद्याचं कोणाले माहीत आहे? डॉक्टरले तरी असते का माहीत?”

जयवंताने कार्ड उचलून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, हे राहू द्या. हे म्हणावं लागते दवाखान्यात.”

“नत्थूले बारा वर्षं हेच म्हणत होते सारे. उद्या बरं वाटन. काय वाटलं?”

तिने रेघ मारली. खाली लिहिलं, ‘नत्थूमामाचा हात बरा नाही.’ मी तिचं तोंड पाहत होते. त्यावर राग नव्हता. मला वाटतं, तिला ते पटलंच होतं.

डॉक्टर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आले. बुटके, पांढऱ्या मिशांचे, हातात फाइल न घेता आलेले. सिस्टरच्या खोलीत त्यांना बसवलं. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर होते आणि खिडकी उघडी होती. आधी प्रेमलताला बोलावलं. ती वीस मिनिटं बोलली. तिच्या चुका माझ्यादेखील लक्षात येत होत्या, पण ती थांबत नव्हती आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. शेवटी डॉक्टरांनी स्वतःची बोटं वाकवून हात पुढे केला. आपण रोगी आहोत असं दाखवून त्यांनी काही विचारलं. मला त्यातले ‘हात’ आणि ‘बरा’ हे दोन शब्द ओळखू आले. प्रेमलताने तो हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, “उद्या तुम्हाला बरं वाटेल, आजोबा.”

मग जयवंता आत गेली. तिचे उच्चार प्रेमलतापेक्षा स्वच्छ होते. नाव सांगितलं, वय सांगितलं. घरी कोण कोण असतं ते सांगितलं. भाऊ आहे का, नाही. समुद्र पाहिला आहे का, नाही. स्पेनबद्दल काय माहीत आहे, फार नाही. प्रत्येक उत्तर बरोबर होतं आणि प्रत्येक उत्तरानंतर खोली शांत होत होती. शेवटी डॉक्टरांनी तिच्यापुढेही वाकवलेला हात धरला आणि तेच विचारलं.

जयवंताने हात हातात घेतला. प्रेमलतापेक्षा नीट घेतला, मनगटाखाली आधार देऊन. एकेका बोटाच्या पेरावरून अंगठा फिरवला. आणि म्हणाली, “हात बरा नाही.” डॉक्टर वाट पाहत राहिले. तिने आणखी सांगितलं, “इथे खुर्ची आहे. इथे पाणी आहे. बसा.”

प्रेमलताची निवड झाली. सिस्टरनी जयवंताला बाजूला घेऊन सांगितलं, की डॉक्टर म्हणाले, हिचा हात चांगला आहे, पण रोग्याला उद्या परत यावंसं वाटलं पाहिजे.

घरी बाबा वाट पाहत होते. जयवंता थेट विहिरीवर गेली. मी त्यांना झालं ते सगळं सांगितलं, प्रश्नासकट.

“अन् ते लकडगंजची काय म्हणे?”

“उद्या बरं वाटेल म्हणाली.”

“कार्डावरचं?”

“हो. कार्डावरचं.”

बाबा ओट्यावर बसले. मग म्हणाले, “ते खोटं नव्हती बोलत, शामला. ते त्या बुढ्याले बरं वाटावं म्हणून बोलली. मी त्याले खोटं समजलो.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पांढरा सदरा घालून ते सायकलवर कामठी रस्त्याला गेले. सिस्टर पिलारना त्यांनी सांगितलं, की चूक माझी आहे, पोरीची नाही, रेघा मी मारायला लावल्या. सिस्टरनी त्यांना बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर आदल्या रात्रीच्या गाडीने निघून गेले होते. जागा एकच होती.

घरी आल्यावर बाबांनी कार्डांचा डबा मागितला. जयवंता म्हणाली, “आता काय करायचा आहे तो?” त्यांनी घोड्याचं कार्ड शोधून काढलं. रेघ एकच मारलेली असल्यामुळे रेघेखालचं जुनं वाक्य वाचता येत होतं.

“म्हण,” ते म्हणाले.

“बाबा, राहू द्या ना.”

“तू नाही म्हणत तर मी म्हणतो. सांग मले कसं म्हणाचं ते.”

ती सांगेना, तेव्हा मी सांगितलं. बाबांनी बोट ठेवून चार-पाच वेळा म्हटलं. मि पाद्रे तियेने दोस काबायोस. त्यांचा मि पाद्रे केव्हाच वारला होता आणि त्याच्याकडे कधी घोडे नव्हते. जयवंताला शेवटी हसू आलं, आणि मग ती रडली.

त्यानंतरच्या बुधवारी नत्थूमामा आला. नेहमीसारखा ओट्यावर बसला. आईने चहा आणला. मामाने मनगटांमध्ये कप धरला, आणि बाबा त्याच्या शेजारी जाऊन बसले.

“नत्थू,” बाबा म्हणाले, “उद्या बरं वाटन गा तुले.”

मामाने कप खाली ठेवला. “तुम्ही कवापासून खोटं बोलाले लागले गा भाऊजी?”

“अभ्यास करून राहिलो,” बाबा म्हणाले.

प्रेमलता चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत गेली आणि सांगितल्याप्रमाणे दोन वर्षांनी परत आली. कामठी रस्त्याच्या दवाखान्यात तिने निवृत्त होईपर्यंत हातांचंच काम केलं. नत्थूमामाच्या डाव्या हाताची दोन बोटं तिने इतकी मोकळी केली, की शेवटची दहा वर्षं तो कप एका हाताने धरायचा. तो अठ्ठ्याऐंशी साली वारला. प्रेमलता अजून लकडगंजलाच असते. कानाने कमी ऐकते, पण बोलणं तेवढंच आहे.

सिस्टर पिलार एक्क्याऐंशीत मायदेशी परतल्या. त्यांची दोन पत्रं आली, मग आली नाहीत. त्या डॉक्टरांचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. आई बाबांच्या मागे सहा वर्षं होती.

जयवंताचं लग्न रुपराव मेश्राम यांच्याशी झालं. ते कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होते. तिने धंतोली सोडली आणि तिथल्या वसाहतीच्या दवाखान्यात तीस वर्षं नोकरी केली. रुपराव गेल्यापासून ती मुलाकडे असते. समुद्र तिने पाहिला, स्पेन नाही.

बाबा पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात धंतोलीच्याच एका दवाखान्यात वारले. आदल्या संध्याकाळी जयवंता त्यांची उशी सारखी करत होती. ती म्हणाली, “उद्या बरं वाटेल, बाबा.” त्यांनी डोळे न उघडता विचारलं, “अभ्यास करून राहिली का वं?”

मी शाळेतून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, आणि इंदोऱ्याच्या त्याच घरात आहे. कार्डांचा डबा माझ्याकडे आहे. मध्ये मोजली तर एकशे एकोणसाठ भरली, आणि असायला हवीत एकशे साठ. घोड्याचं कार्ड नाही. ते कुठे गेलं याबद्दल जयवंता एक सांगते आणि मला दुसरं वाटतं. खात्रीचं काही माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.