अमोनियाच्या बिस्किटांचा वास

लेओकादियाने ठरवूनच टाकलं होतं, की आज लेक आपल्या नाकाची परीक्षा घेणार आणि आपण त्यात पास व्हायचं. नापास झाली तर सानोकमधलं हे स्वयंपाकघर सुटणार, आणि ग्दान्स्कला लेकीच्या, म्हणजे बोझेनाच्या, सहाव्या मजल्यावरच्या घरी जाऊन राहावं लागणार. तिथली काचेची विजेची शेगडी हिच्या बोटांना दादच देत नसे.

निमित्त झालं दुधाचं. मागच्या महिन्यात दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच सुरू राहिला, आणि म्हातारी शेजारी बसून खुशाल बटाटे सोलत होती. वास जिन्यात पोचला तेव्हा समोरची लुत्सिना धावत आली, तिने गॅस बंद केला आणि लगोलग बोझेनाला फोन लावला. जीव वाचवला तिने, पण लेओकादियाने तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"मला वास आला होता. उठतच होते मी," तिने लेकीला दारातच सांगितलं. "त्या लुत्सिनाला लोकांच्या घरात शिरायला निमित्तच हवं असतं."

"लुत्सिनाकाकू नसत्या तर आज मी कबरस्तानात मेणबत्त्या लावत असते, आई."

"शुभ बोल जरा. कोट काढ आधी."

खरं तर नाताळच्या आधी ताप येऊन गेला, तेव्हापासून तिला कशाचाच वास येत नव्हता. पण हार मानेल तर ती लेओकादिया कसली! कॉफी ओतताना "काय घमघमाट सुटलाय" म्हणायचं, हे तिने आधीच घोकून ठेवलं होतं आणि म्हणूनही झालं होतं. आता राहिली होती बिस्किटं. मैदा, साखर, चरबी, अंडं, आंबट साय, थोडा व्हॅनिला आणि बिस्किटं फुलायला चमचाभर खाण्याचा अमोनिया, एवढाच पसारा. सगळं हाताला पाठ. अशी बिस्किटं करणाऱ्या बाईला एकटीने राहता येत नाही, असं म्हणायची कुणाची छाती होईल?

बोझेना आतल्या खोलीत बॅग उघडत होती. लेओकादियाने पोळी लाटली, पेल्याच्या काठाने चकत्या पाडल्या, ट्रे भट्टीत सरकवला आणि समोरच स्टूल घेऊन बसली. थोड्या वेळाने तिचे डोळे पाणावले. लेक इतक्या लांबून आली, भांडायला का होईना पण आली, म्हणून आपल्याला भरून आलंय, असं तिला वाटलं.

"बोझेना, ये गं इथे," तिने हाक मारली. "तू आलीस तर बघ कशी रडायला लागले मी. आणि वास बघ, व्हॅनिलाचा."

बोझेना दारात आली ती नाकाला रुमाल लावून. तिचेही डोळे लाल झाले होते. ती आईला ओलांडून गेली आणि तिने खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. फेब्रुवारीचा गारठा आत घुसला.

तेव्हा कुठे लेओकादियाला आपली चूक कळली. या बिस्किटांचा ट्रे भट्टीत गेला की अमोनियाची अशी घाण सुटायची की ऐन थंडीत तीच सगळ्या खिडक्या उघडायची, पोरांना कोट चढवून बाहेर पिटाळायची, आणि नवरा शिव्या घालत जिन्यात जाऊन बसायचा. खिडकीची आठवण तिला दर वेळी नाकच करून द्यायचं.

"कधीपासून, आई?"

"नाताळच्या आधीपासून." आता खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "चवही गेलीय. नुसतं गोड तेवढं कळतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर राहू दिलं असतंस इथे?"

बिस्किटं होईपर्यंत दोघी गारठ्यात बसून राहिल्या. ट्रे निघाला. लेओकादिया पाठमोरी होऊन एकेक बिस्कीट ताटात मांडू लागली. रंग अगदी हवा तसा आला होता. तिच्या मागे बोझेना ओट्याखाली वाकली, काहीतरी कर्रकन फिरलं.

"तू बस, मी चहा टाकते," लेओकादिया म्हणाली.

तिने किटली शेगडीवर ठेवली, बटण फिरवलं आणि काडी ओढली. काडी जळत जळत बोटांपर्यंत आली, शेगडी काही पेटली नाही.