डोक्यावरचं ढेकूळ

टिकाराम भांडायचा थांबला, आणि तुलारामाची झोप उडाली.

तुम्ही म्हणाल, भाऊ भांडत नाही तर माणसानं नारळ फोडावा. पण तुलारामाला तुम्ही ओळखत नाही. देवळातला प्रसादसुद्धा हा आधी हुंगून पाहायचा. आणि धाकटा टिकाराम कसा? नाकावर माशी बसू न देणारा! आणीबाणी उठली त्या साली त्यानं शेताच्या धुऱ्यावरून सख्ख्या भावावर फावडं उगारलं होतं.

भांडण साधं होतं, अन् खोटेपणा तुलारामाचा होता. दोघांच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, बापानं घातलेला मातीचा धुरा. दर साली रोवणीआधी तो छाटून वर चिखल लिंपायची रीत. तुलाराम छाटायचा आपल्या बाजूनं आणि लिंपायचा भावाच्या बाजूनं. असा सालोसाल सरकत तो धुरा बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, तोंडापलीकडं गेला, आणि पाणी सोडणं-अडवणं तुलारामाच्या हाती आलं.

पुढं टिकारामाची छाती धरली. मिशनच्या दवाखान्यात कितीतरी महिने पडून होता. परत आला तो येशूचं नाव घेत आला. रोज सकाळी धुऱ्यावर बसायचा, डोळे मिटून ओठ हलवायचा. भांडण नाही, शिवी नाही.

"मूठ मारून राहिला माह्यावर," तुलाराम बायकोला म्हणाला.

"अवो, प्रार्थना करते तो," मंदाबाई म्हणाली.

"इतकं शांत कोनी फुकट बसत नाही! कोर्टात गेला असन."

लाखनीच्या बाजारात जाऊन त्यानं वकिलाच्या कारकुनाला चहा पाजला. तिथं काही नव्हतं. मग भावाला चिडवायचंच म्हणून त्यानं त्याचं पाणी बंद केलं. टिकाराम आला, कोरडा पाट पाहिला आणि म्हणाला, "दादा, माहे धानाचे पऱ्हे वाळून राहिले. पानी सोडशील तं बरं होईल." अन् गेला! फावडं खांद्यावरच होतं. ते खाली उतरलं नाही. तुलारामाला जेवण गेलं नाही.

शेवटी त्यानंच पंच बोलावले. त्याच्या पोटातलं एकदाचं ओठावर येऊ दे, म्हणाला.

धुऱ्याच्या भांडणाला गावात एकच तोड होती. वावरातलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि चालायचं. ज्या वाटेनं चालेल तो धुरा. पण खोटं चाललं तर वंश बुडतो, असं सारं गाव मानायचं. तुलारामाला मुलगा एकच, परसराम.

पंचांतल्या वासुदेवराव पाटलांनी ढेकूळ टिकारामापुढं धरलं. तुलारामाच्या तोंडचं पाणी पळालं. ह्यानं देव बदलला, ह्याला आता वंशाचं भय कुठलं? माझ्या अंगणापर्यंत चालत येईल!

टिकारामानं हात जोडले. "पाटील, मी शपथ घेत नाही आता. माह्या येशूनं मना केलं. दादाले द्या. तो चालन तो धुरा. मले मंजूर."

अस्सं! तुलारामाला एकदम डाव उमगला. मी खोटं चालावं आणि माझा परसराम मरावा! माझ्याच पायांनी माझं घर बुडवायला निघाला हा! त्यानं भावाच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं राग नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

सारं गाव पाहत होतं. मागं फिरायची सोय नव्हती. ढेकूळ डोक्यावर आलं, गार चिखल कानामागून ओघळला. चार पावलं तो आताच्या धुऱ्यावरून चालला. मग परसराम आठवला, आणि पाय आपसूक स्वतःच्या बांधीत उतरला. चुकायला नको म्हणून आणखी आत. आणखी आत. मंदाबाईनं तोंडाला पदर लावला.

टोकाला पोचून त्यानं ढेकूळ आपटलं. "घे! फसला तुहा डाव!"

टिकाराम चिखल तुडवत आला. "कायचा डाव गा? तू लय आत आला, दादा. बाबाचा धुरा तिकडं होता." त्यानं मागं सरकून टाचेनं रेघ ओढली. "हे मधलं तुहं. माहं नाही."

तुलाराम त्या रेघेकडं पाहतच राहिला. रेघ खरी होती. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"मग रोज इथं बसून काय करत होता?"

"आधी माहा राग काढून घे म्हनत होतो. तो गेला. मंग तुह्यासाठी मांगत होतो."

"काय मांगत होता?"

"तुले झोप लागो म्हनून. तुह्या घरचा कंदील रातभर जळते, दादा. मले दिसते."

तुलारामानं पुन्हा त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं, कुठं काही लपवलंय का म्हणून. काही नव्हतं. मग तो एवढा मोठा बाप्या माणूस गावादेखत चिखलात बसला आणि हमसून हमसून रडला.

"तुहा येशू," तो शेवटी म्हणाला, "माह्यासारख्या खोट्याचं ऐकते का गा?"

टिकाराम त्याच्याजवळ चिखलातच बसला. "माहं ऐकलं ना, दादा."