पन्नासपट

चोळकरांनी पडद्यावर कंपन पन्नासपट केलं, आणि साखर कारखान्याची बॉयलर शेडही पन्नासपट हलू लागली.

चूक म्हणावी तर सवयीची होती. खरं कंपन केसाएवढं. ते कुणाला दिसत नाही, म्हणून चित्रात सगळेच इंजिनिअर ते फुगवून दाखवतात. त्यातून चेअरमन आबासाहेब म्हणाले होते, "केसभर हलतंय म्हणून बॉयलरचा पंखा बंद करू? ऐन गाळपात? डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दाखवा की राव."

आता दिसत होतं. भिंतींची पोटं सुटत होती, आत जात होती. छताखालचा लांबलचक गर्डर मध्ये वर उचलला की दोन्ही टोकांना खाली जायचा. आणि त्याच्या मधोमध, क्रेनच्या केबिनमध्ये, चोळकरांची बायको प्रमिला होती. क्रेन तीच चालवायची.

"अहो, हे तुमचंच ना?" ती वरून ओरडली.

"माझंच! क्रेन थोडी डावीकडे घे. तिथे एक जागा हलत नाही!"

तिने घेतली. तेवढी जागा खरोखर ढिम्म होती. उतरायचं म्हटलं तर शिडी वाळत घातलेल्या धोतरासारखी फडफडत होती.

चोळकरांनी चित्र थांबवून पाहिलं. शेड होती तशी वाकडी थांबली. दारातला वॉचमन कमरेत झुकला होता, तो झुकलेलाच राहिला. "साहेब, असा घरी कसा जाऊ?" त्याने विचारलं. चोळकरांनी चित्र पुन्हा चालू केलं. पंखा थांबला तरच सगळं सरळ होणार होतं, आणि शेजारीच उभ्या आबासाहेबांच्या शब्दाशिवाय पंखा थांबत नव्हता.

"आता पटलं ना आबासाहेब? करा बंद. माझी बायको आहे वर."

"पटलं की. पण संचालक मंडळ यायलंय. त्यांनी बघायच्या आत बंद केला तर मला भित्रा म्हणतील."

मंडळ आलं, बसलं. खुर्च्या पुढेमागे पळू लागल्या, पण खुर्ची कुणी सोडली नाही.

"एवढाच प्रकार?" एका संचालकांनी विचारलं.

आबासाहेबांनी स्वतः चोळकरांच्या पडद्याखालचं 'पुढचं कंपन' हे बटण दाबलं. गर्डरने नागमोडी वळण घेतलं. आता ढिम्म जागा मधोमध आली. प्रमिलाने क्रेन घाईघाईने तिथे आणली. आबासाहेबांनी परत दाबलं. वळसे वाढले की ढिम्म जागाही वाढत होत्या, पण तेवढ्याच अरुंद होत होत्या. आता त्यात केबिन मावेना. प्रमिला बाहेर येऊन गर्डरवर उभी राहिली.

"त्या बाई वर काय करतायत?"

"तोल सांभाळतायत. प्रात्यक्षिक आहे," आबासाहेब म्हणाले.

"वा!"

पुढच्या दाबाला एका टाचेपुरती जागा उरली. प्रमिलाने दुसरा पाय उचलला. तिने खाली बघितलं नाही.

मंडळाने टाळ्या वाजवल्या. आधी विस्कळीत, मग एका लयीत, गर्डरच्या लयीत. गर्डर प्रत्येक टाळीसरशी आणखी वीतभर उसळू लागला.

"थांबा! टाळ्या थांबवा!" चोळकरांनी दोन्ही हात वर केले.

मंडळाला तो ठेका वाटला.