बाबांचा दुसरा हात

त्या रविवारी सकाळी निफाडच्या मंगल कार्यालयात लग्नालाही होत नाही एवढी गर्दी झाली होती. पुढे बारावी झालेली मुलं, मागे त्यांचे आईबाप आणि स्टेजवर नवरदेवाच्या लाल खुर्चीत नाडीबाबा.

कोणत्या मुलाच्या नशिबात डॉक्टरकी आहे, हे बाबा थेट सटवाईला विचारून सांगत. "देह इथं ठेवतो, आत्मा वर जातो," ते माइकवर म्हणाले. "सटवाईनं कपाळी लिहिलेलं तिच्या यादीत असतं, बाळांनो. तिथं सर्व्हर डाऊन होत नाही."

आत्मा गेल्याचा पुरावाही ते द्यायचे. डोळे मिटायचे, उजवा हात पुढे करायचे आणि त्यांची नाडी बंद पडायची. ती तपासायला गावातलेच शेखर कंपाउंडर असत. तीस वर्षं दवाखान्यात काढलेला सरळ माणूस. ते मनगट धरत, घड्याळ बघत, आणि हलकेच म्हणत, "गेली." मग साऱ्या कार्यालयाचे हात जोडले जात.

पंधरा दिवसांपूर्वी बाबा हर्षालीसाठी वर जाऊन आले होते. ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिला धुळ्याच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसची जागा मिळाली होती आणि या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन तिथं हजर व्हायचं होतं. बाबांनी मात्र निकाल दिला, की हिच्या कपाळी पांढरा कोट नाही; घातलाच तर घरातलं माणूस जाईल. नेमकी त्याच आठवड्यात तिची आई उज्वला तापानं आडवी झाली. ताप चार दिवसांत उतरला, पण वडिलांच्या, रंगनाथच्या, मनातली भीती उतरेना. त्यानं कागदपत्रं कपाटात बंद केली आणि किल्ली खिशात घातली.

मी समजावायला गेलो, तर तो म्हणाला, "सर, पोरीसाठी द्राक्षाची बाग इकीन. पण तिची आई गेली तर कुठून आणू?" अशा माणसाला मूर्ख म्हणून भागत नाही. तो घाबरलेला होता.

शनिवारी दुपारी हर्षाली माझ्या ओट्यावर आली. तिथं मी शेजारच्या मुलांना विज्ञान शिकवतो. तिचे डोळे रडून लाल झाले होते. बाबांच्या युक्तीचा मला अंदाज होता. पण मी सांगितलेलं रंगनाथनं मानलं नसतं, आणि आयतं उत्तर देण्याची मला सवयही नाही. मी तिला म्हटलं, "आलीच आहेस तर पोरांना नाडी मोजायला शिकव."

तिनं चौथीतल्या आरोहीचं मनगट धरलं आणि एक मिनिट मोजून ब्याण्णव ठोके सांगितले. आरोहीनं लगेच दुसरा हात पुढे केला.

"तेवढेच येतील गं. हृदय एकच असतं."

"कशावरून? मोजून दाखव."

हर्षालीनं मोजले. तेवढेच आले. पण मनगट सोडायचं ती विसरली. ते धरूनच तिनं विचारलं, "सर, बाबा डावा हात कधी देतात?"

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "ते उद्या भेटणारच आहेत."

तर त्या रविवारी शेखररावांनी "गेली" म्हटलं आणि हर्षाली स्टेजवर चढली. "डॉक्टर तर व्हायचं नाहीये. निदान एकदा बाबांची नाडी बघू द्या," ती म्हणाली. शेखररावांनी होकारार्थी मान हलवली. तिनं खुर्चीला वळसा घातला आणि बाबांचा डावा हात धरला.

आता पंचाईत बघा. बाबांचा आत्मा वर होता. वर गेलेला माणूस हात ओढून कसा घेणार?

हर्षालीनं माइक जवळ घेतला आणि ठोके मोठ्यानं मोजू लागली. मिनिटाला शहाऐंशी. "पुन्हा मोजते," ती म्हणाली. या खेपेला एकशे दहा.

मागून कुणीतरी म्हणालं, "आत्मा पळत पळत खाली येऊन राह्यला वाटतं."

हशा पिकला. तेवढ्यात हर्षालीनं बाबांचा उजवा दंड वर उचलला. झब्ब्यातून एक छोटा, टणक गोल्टी कांदा टपकला आणि घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत गेला. बाबांनी डोळे उघडले. सटवाईनं मध्येच बोलावलं म्हणाले, आणि भटारखान्याच्या दारानं निघून गेले.

शेखरराव खाली बसले. "पुरुषाचा उजवा, बाईचा डावा, अशीच नाडी बघत आलो," ते म्हणाले. "दुसरा धरायचं सुचलंच नाही कधी." खरं तर कुणालाच सुचलं नव्हतं, आणि बाबांचा सारा संसार त्याच रिवाजावर चालला होता.

हर्षालीनं लोकांना त्यांच्याच भाषेत समजावलं. "हाताकडे जाणारी रक्ताची नळी काखेतून जाते. बागेतल्या ठिबकच्या नळीवर पाय दिला की पुढचं पाणी थांबतं ना? विहिरीवरची मोटर चालूच असते. काखेत कांदा दाबला की मनगटाची नाडी लागत नाही. हृदय चालूच असतं."

मागे बसलेला रंगनाथ उज्वलाला घेऊन पुढे आला. त्यानं तो कांदा उचलला, काखेत गच्च धरला आणि उजवा हात लेकीपुढे केला. तिनं बोटं ठेवली. "गेली," ती म्हणाली. मग डावी बघितली. "आहे."

तो स्वतःशीच हसला. कांदा खाली ठेवून त्यानं खिशातली किल्ली काढली आणि उज्वलाच्या हातात दिली. "कागदं काढून ठेव. सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊ."

सोमवारी दुपारी धुळ्याहून त्याचा फोन आला. प्रवेश झाला होता. उज्वला ठणठणीत होती आणि शेजारी बसून डब्यातली भाकरी खात होती.

मुलांनो, चमत्कार दाखवणारा माणूस एकच हात पुढे करतो. त्याला नमस्कार करायच्या आधी दुसरा हात मागा. बोटं ठेवा, घड्याळ बघा आणि स्वतः मोजा. मोजू देणार नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नका, आणि अशा माणसाच्या शब्दावर कुणाची शाळा, कुणाचं कॉलेज बंद करू नका. आमच्या आरोहीला विचारा. ती अजूनही मी सांगितलेलं काहीच मोजल्याशिवाय मानत नाही.