दिवे लागले की घसरणारा पेट्रोलचा काटा

मी पेट्रोलचा काटा बोलतोय. घड्याळातल्या काट्यांशी माझं नातं लावू नका. ते बिचारे दिवसभर चालून पुन्हा होते तिथेच येतात. माझी धाव जेमतेम पाव वर्तुळाची. पण तेवढ्यात मी भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवतो. मी डावीकडे कलायला लागलो की गाणं गुणगुणणारा माणूस गप्प होतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पंप शोधायला लागतो.

माझं घर म्हणजे एक लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स गाडी. शेजारी वेगाचा काटा राहतो, अंगाने थोराड आणि स्वभावाने गर्विष्ठ. गाडी कुणाला दाखवायला काढली की सगळे त्याच्याकडे बोट करून विचारतात, "किती पळते?" माझी आठवण गरज पडल्यावर. पण बघतात तेव्हा अगदी मनापासून बघतात, त्यामुळे माणसांच्या चेहऱ्यांचा अभ्यास माझ्याइतका कुणाचा नसेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जन्मभर ज्याची बातमी देत आलो, ते पेट्रोल मी कधी पाहिलेलं नाही. टाकी तिकडे मागे, सीटांच्या पलीकडे. तिथे म्हणे एक गोळा तरंगत असतो. तो वर-खाली होतो, वायरीतून निरोप पाठवतो, आणि मी इथे मान हलवतो. त्या गोळ्याचीही कधी भेट नाही. पेट्रोल पाण्यासारखं दिसतं की दुधासारखं, टाकीत अंधार असतो तर गोळ्याला कळतं कसं, असे प्रश्न मला सारखे पडतात. विचारणार कुणाला? वायर निरोप आणते, प्रश्न नेत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने मला चिमट्याने उचललं, बारीकशा खिळीवर बसवलं आणि हलकी फुंकर मारली. मी थरथरलो तशी ती हसली. माझ्याकडे बघून विनाकारण हसलेलं ते पहिलं माणूस. नंतर कुणी हसलं असेल तर ते टाकी भरल्यावर.

गाडीचा पहिला मालक गाण्याचा शौकीन होता. गाणं कमी आणि धडधड जास्त. त्याने सीटांच्या मागे कपाटाएवढे स्पीकर बसवले आणि त्यांची एक जाड वायर आणून माझ्या पाठीमागच्या बोल्टला अडकवली. त्या बोल्टवर आमच्या अख्ख्या घराच्या विजेची परतीची वाट होती. गाडी विकताना त्याने आपले स्पीकर उपटून नेले आणि बोल्ट तसाच अर्धवट पिळून ठेवला. दुसऱ्या मालकाने हौसेने गाडी घेतली खरी, पण सीट इतकी खाली की बसल्यावर त्याला उठवायला शेजाऱ्याला हाक मारावी लागे. मग त्याने गाडीवर कापड टाकलं ते कित्येक पावसाळे काढलंच नाही. त्या अंधारात मी डावीकडे मान टाकून पडून होतो आणि पाठीमागे तो बोल्ट गंजत होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आपल्या पाठीमागे काय चाललंय ते कुणाला दिसतं?

तिसरे मालक आमचे डॉक्टर. दातांचे. शांत, काटेकोर, नखं नेहमी कापलेली. गाडीत बसले की पट्टा लावायच्या आधी दिवे लावायचे, मग उजेड असो नसो. सकाळी ते जवळच्या दवाखान्यात चालत जात आणि अंधार पडल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गाडीने. त्यांच्या बायकोचं म्हणणं असं, की समोरच्याच्या तोंडात कापूस असला तरच ह्यांना कंठ फुटतो. ती पोहायला शिकवते. गळ्यात शिट्टी आणि आवाज असा, की तलावाच्या त्या काठाला बुडणारा माणूसही आधी "हो मॅडम" म्हणेल.

दिवसा गाडी तिचे वडील चालवत. ते अप्पा. उभं आयुष्य त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेलं. एकटे पडल्यावर मुलीने त्यांना घरी आणलं. सकाळी गाडी काढायची, कुठे नवी इमारत उभी राहिलेली दिसली की आत जायचं, लिफ्टने शेवटच्या मजल्यावर जाऊन खाली यायचं आणि परत येताना गाडीत स्वतःशीच शेरा मारायचा, "दार उघडायला उशीर करते." एवढंच त्यांचं फिरणं. त्यांचंही कुतूहल माझ्यासारखंच, म्हणून मला ते फार आवडत.

पण जावयाच्या घरी राहायचं म्हणजे संकोच. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आपल्यात उगाच म्हणत नाहीत. आणि डॉक्टरांना सासऱ्यांशी काय बोलावं ते सुचेना. मग दोघांचे निरोप मुलीमार्फत. मी निम्म्याखाली गेलो की अप्पा वाटेत थोडं पेट्रोल टाकत आणि जेवताना तिला सांगत, "अर्धी टाकी आहे गं, त्यांना सांग." संध्याकाळी डॉक्टर गाडीत बसत, दिवे लावत, आणि मी धाडकन तळाला. का ते मलाही कळेना! वायर जे सांगे ते मी दाखवत होतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. माझं उलटं झालं होतं. आडात होतं आणि पोहऱ्यात येत नव्हतं.

डॉक्टर घरी जाऊन बायकोला म्हणत, "पेट्रोल तळाला गेलंय." ती वडिलांना सांगे. सकाळी अप्पा लख्ख उन्हात गाडी सुरू करत, दिवे अर्थातच बंद, आणि मी पुन्हा निम्म्याच्या आसपास. अप्पांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. एकदा ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "म्हणजे रात्री परत जाऊन भरून आले हो! म्हाताऱ्याची सकाळ अडू नये म्हणून." त्या दिवशी त्यांनी काच पुसली, आरसे पुसले, आणि मलाही पुसलं.

इकडे डॉक्टरांच्या मनात दुसरंच शिजत होतं. दुपारी अर्धी टाकी आणि संध्याकाळी तळ? मग अप्पा दुपारभर जातात कुठे? गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी खोल्यांची एक वसाहत होती. अप्पांनी तिथे चौकशी केल्याचं मुलीच्या कानावर आलं होतं आणि तिने ते नवऱ्याला सांगितलं होतं. डॉक्टर रोज संध्याकाळी माझ्याकडे असे बघत, जणू मी त्यांना वाईट बातमी देतोय.

उपाय झाले, नाही असं नाही, पण तक्रार गेली ती माझ्या थरथरीची आणि रेडिओची; तळाची बातमी डॉक्टरांनी खरीच धरली होती. गॅरेजवाल्याने फ्यूज बदलला, टाकीतला गोळा बदलला. जखम मांडीला, मलम शेंडीला. माझा तो न पाहिलेला सोबती भंगारात गेला आणि मी होतो तसाच. सिग्नल दिला की मला थरथर सुटे, ब्रेक दाबला की रेडिओ घसा बसल्यासारखा करी. गॅरेजवाला म्हणाला, "जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे असे नखरे असतातच, डॉक्टर." आम्ही आपले नखरेल ठरलो.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी मुलीने वडिलांना विचारलंच, "बाबा, रोज एवढं पेट्रोल जाळून तुम्ही जाता तरी कुठे?"

"मी?" अप्पा चकित झाले. "अगं, जावईबापू रोज रात्री भरून ठेवतात म्हणून मी आपला जवळच्या जवळ फिरतो. उगाच त्यांच्या जिवावर हुंदडायचं कशाला?"

"कोण भरून ठेवतं?"

तिने दोघांना हाताला धरून गाडीपाशी आणलं. "मी काय टपालखातं आहे? बसा दोघं आत. काय ते एकमेकांच्या देखत बघा."

गाडीत दोनच जागा, म्हणून ती खिडकीत वाकून उभी राहिली. सासरे-जावई माझ्यापुढे एकत्र बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. मी निम्म्यावर गेलो. मग सवयीने, भर उन्हात, त्यांनी दिवे लावले. मी घसरलो.

"अहो!" अप्पा ओरडले. "बंद करा. आता परत लावा. डावा सिग्नल द्या बरं."

मी सिग्नलच्या ठेक्यावर नाचायला लागलो. अप्पांचे डोळे चमकले.

"टाकीचा काही संबंध नाही. अर्थिंग ढिलं आहे. आमच्या एका लिफ्टमध्ये पंखा लावला की मजल्याचा आकडा चुकायचा. विजेला परत जायची वाट नीट मिळाली नाही, की ती भलत्याच्या अंगावरून जाते. पाना आहे का?"

पाना होता, पण बोल्ट पार माझ्या पाठीमागे, कुणाला न दिसणारा. डॉक्टर घरात पळाले आणि दात तपासायचा आपला छोटा आरसा घेऊन आले. अप्पा सीटवर उलटे झाले. डोकं पेडलपाशी, पाय सीटच्या पाठीवर. एका हातात पाना, दुसऱ्या हातात वायरींचा जुडगा, म्हणून टॉर्च दातांत. डॉक्टरांनी गुडघ्यावर बसून आरसा आत सरकवला. त्या आरशात मी जन्मात पहिल्यांदा माझी पाठ पाहिली. गंजका बोल्ट, धूळ, कोळ्याचं जुनं जाळं. इतकी वर्षं मला ढकलणारा तो हाच होय!

"आ करा," डॉक्टर सवयीने म्हणाले आणि जीभ चावली. "म्हणजे, टॉर्च जरा वर घ्या."

"अं," अप्पा म्हणाले.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक. समोर एक तोंड, उघडं, भरलेलं, उत्तर न देऊ शकणारं. डॉक्टरांना कंठ फुटला.

"अप्पा, मी रात्री कधी पेट्रोल भरायला गेलो नाही. एकदाही नाही. तुम्ही समजत होता तसं मी काही केलेलं नाही. उलट मला वाटायचं, तुम्ही रोज त्या वसाहतीत खोली बघायला जाता. रोज ह्या काट्याकडे बघायचो. म्हटलं, आज पक्कं करून आले असणार."

"अं अं!"

"थांबा, हलू नका. हे मला परत बोलता येणार नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेले. घरातल्या मोठ्या माणसाशी कसं बोलतात ते मला माहीतच नाही. पलीकडच्या खोलीत तुम्ही खोकलात ना, की मला बरं वाटतं. म्हणजे, खोकला बरा नाही. पण तुम्ही जाऊ नका."

माझ्या पाठीवरचा टॉर्चचा उजेड हलायला लागला.  तशातही त्यांनी बोल्ट खरवडला, पिळून घट्ट केला आणि मगच ते बाहेर आले. टॉर्च सदऱ्याला पुसला. मुलगी खिडकीतून अजूनच आत वाकली.

"गेलो होतो मी खोली बघायला," अप्पा म्हणाले. "खिडकी चांगली होती. येतो म्हणून सांगणारही होतो. तेवढ्यात ही म्हणाली पेट्रोल तळाला आहे, आणि सकाळी बघतो तर अर्धी टाकी. मला वाटलं, हा माणूस बोलत नाही, पण करतो. मग नाही कळवलं त्यांना." त्यांनी हात झटकले. "म्हणजे एका ढिल्या बोल्टमुळे राहिलो म्हणायचं मी तुमच्याकडे."

"आता तर तो घट्ट झालाय," डॉक्टर हळूच म्हणाले. 

अप्पांनी पाना त्यांच्या हातात दिला. मग मुलीकडे वळून म्हणाले, "मला कपाटात एक खण दे गं. माझे कपडे अजून बॅगेतच आहेत."

"दोन देते, बाबा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

डॉक्टरांनी दिवे लावले. मी जागचा हललो नाही. मला इतका आनंद झाला, की नाचता आलं असतं तर नाचलो असतो. पण तेच आता बंद झालं होतं.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी दोघं एकत्र फिरायला निघतात. आजही निघाले. वाद जुंपला होता, की हललेला दात काढावा की वाचवावा. अप्पांचं म्हणणं, लिफ्टचा दोर आणि माणसाचा दात शेवटपर्यंत वाचवायचा नसतो. डॉक्टर भडकले. आता त्यांना रिकाम्या तोंडाच्या माणसाशीही बोलता येतं, नव्हे, थांबताच येत नाही. मी केव्हाचा डावीकडे टेकलो होतो. माझ्या पायाशी लाल दिवाही लागला होता. इतक्या वर्षांनी मी शंभर टक्के खरं सांगत होतो आणि दोघांपैकी एकाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

म्हणून तर तुमच्याशी बोलायला सवड मिळाली. डॉक्टर गाडी मागून ढकलतायत, अप्पा उघड्या दारातून स्टिअरिंग धरून चालतायत, पंप कुठे दिसत नाही आणि वाद संपलेला नाही. वेगाच्या काट्याने शरमेने मान खाली घातली आहे.

तुमच्या गाडीतही माझा कुणी भाऊबंद असेलच. त्याच्याकडे अधूनमधून बघत जा आणि टाकीत किती आहे तेवढंच त्याला विचारा. शेजारच्या माणसाच्या मनात किती आहे, ते त्याला माहीत नसतं. आणि शेजारी असं भांडायला कुणी बसलेलं असेल, तर काट्याकडे नाही बघितलंत तरी चालेल. त्याला राग येणार नाही.