सकाळच्या तीन गोळ्या

रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसणाऱ्या बाईला सगळे फौजदार म्हणत. फॉर्म भरून घ्यायचा, एवढंच खरं तर तिचं काम. पण ती उलटतपासणीच घ्यायची. "उपाशीपोटी आलात? चहाचा घोटसुद्धा नाही ना? लोहाची गोळी कालपासून बंद आहे का?" या शेवटच्या प्रश्नाला कुणी अडखळलं की त्याचं काही खरं नसे. गोळी खाऊन रक्त दिलं तर लोहाचा आकडा काही तास खोटाच फुगतो, हे ती शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगायची आणि माणसाला आल्या पावली परत पाठवायची. गरोदर बायकांवर तर तिची खास मेहेरनजर. "गोळ्या खाता की कुंडीत पुरता?" असं भर रांगेत विचारायला तिला काही वाटत नसे.

आणि ही फौजदार, स्वतः पाचव्या महिन्यात असताना, दोन महिने आपल्या गोळ्या बेसिनमध्ये थुंकत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

गोळीनं तिला मळमळायचं, पोट दगडासारखं घट्ट व्हायचं. नुसतं सांगितलं असतं तरी डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली असती. पण जगाला दटावणारीनं सांगायचं कोणत्या तोंडानं? त्यातून सासूबाई. त्यांनी सुनेसाठी शिवणकाम निम्म्यावर आणलं होतं. रोज सकाळी एका हातात लिंबू पिळलेलं पाणी आणि दुसऱ्या तळहातावर गोळी घेऊन त्या समोर उभ्या राहायच्या आणि "आ कर" म्हणायच्या. ही गोळी गालात धरायची, पाणी प्यायची, गोड हसायची आणि तोंड धुवायला जायची. दोन महिन्यांत एकदाही त्यांनी तिचं तोंड तपासलं नाही. याचीच तिला जास्त लाज वाटायची, पण लाज वाटली म्हणून गोळी काही पोटात जात नव्हती.

बघता बघता रक्त अकरावरून आठावर आलं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली: लोह, तांबं, जस्त, सगळं बघून घ्या. सासूबाईंनी ती वाचून घेतली आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या पोटात बाळ आहे की भंगारवाल्याचं दुकान?" नवरा खो खो हसला. तीही हसली, पण चिठ्ठी तिनं घाईघाईनं पर्समध्ये टाकली. लोह कमी निघालं की चोरी उघडी पडणार.

मग तिनं तिच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल अशी लबाडी केली. शरीराच्या साठ्यातलं लोह मोजायचं किट लॅबमध्ये संपलं होतं आणि पंधरवडाभर येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. मोजणार ते फक्त रक्तात फिरणारं लोह. तपासणीच्या दिवशी सकाळी तिनं पर्समधल्या तीन गोळ्या एकदम गिळल्या, ओकारी दाबत लॅबमध्ये गेली आणि स्वतःच्या फॉर्मवर 'गोळी बंद' या रकान्यात स्वतःच बरोबरची खूण केली. फौजदाराला कोण विचारणार?

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"लोह भरपूर आहे, तांबं-जस्तही ठीक. तरी रक्त आठच, आणि पेशी बारीक. रक्तात जन्मापासूनचाच काही दोष असू शकतो. तुमची पुढची तपासणी करू, यांचंही रक्त घेऊ. दोघांतही तोच दोष निघाला, तर पोटातून सुई घालून बाळाचं बघावं लागेल. तोवर लोहाच्या गोळ्या बंद."

शेजारी नवरा बसला होता. त्याचा चेहरा पार उतरला. सांगायची वेळ तीच होती. पण दोन महिने गोळी न गिळणारी ही बाई तिथे मूग मात्र व्यवस्थित गिळून बसली. नवऱ्याचा रिपोर्ट चांगला येईल, सगळं आपोआप मिटेल, झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागत होतं. पोटातल्या जिवाच्या वाट्याचं आपण रोज थुंकलं, हे तिला कळत होतं.

नवऱ्यानं घरी सगळं सांगितलं. सासूबाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी सुई वर घेतली आणि कापड बाजूला केलं.

"तुझ्याआधी एक मुलगी झाली होती मला," त्या मुलाला म्हणाल्या. "सात महिन्यांची होऊन गेली. पांढरीफटक पडली होती. सगळे म्हणाले, आई दिवसभर मशीन चालवत बसली, पोरीकडे बघितलंच नाही. मलाही तसंच वाटत आलंय."

एवढ्या वर्षांत मुलाला हे माहीत नव्हतं. तो आईचा हात धरून बसला. सून ताटं घेण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच उभी राहिली. नवऱ्यानं रक्त दिलं होतं, रिपोर्ट अजून यायचा होता. पुढचे चार दिवस ती त्यांच्या समोर बसून जेवली आणि एक अक्षर बोलली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये रांग होती. तिनं मान खाली घालूनच विचारलं, "उपाशीपोटी आलात?"

"आलेय," सासूबाईंचा आवाज आला.

त्यांनी बाही आधीच कोपरापर्यंत वर सारली होती.

"आई, तुम्ही इथे कशाला?"

"माझंही रक्त बघ. तो जन्मापासूनचा दोष माझ्यात असेल तर माझ्या त्या पोरीतही आला असेल ना?" त्या हळू बोलत होत्या, पण चेहरा कधी नव्हे इतका मोकळा दिसत होता. "चार दिवस मला नीट झोप लागतेय गं. म्हणजे मी हयगय नव्हती केली. एकदा कागदावर आलं की झालं."

फौजदारानं फॉर्म पुढे ओढला. पेन उचललं. नाव लिहायला घेतलं आणि पेन पुन्हा खाली ठेवलं. आता आपण गप्प बसलो तर आपल्यासारखी नीच बाई दुसरी नाही, एवढं एकच तिला कळलं.

"आई, माझ्यात दोष नाहीये," ती म्हणाली. "मी गोळ्या खाल्ल्याच नाहीत. तुम्ही दिलेली प्रत्येक गोळी थुंकून टाकली. आणि तपासणीच्या दिवशी लोह जास्त दिसावं म्हणून तीन एकदम घेतल्या. तो रिपोर्ट खोटा आहे."

 तिनंच परत पाठवलेली एक गरोदर बाई आज पुन्हा रांगेत होती, ती टक लावून बघत होती. फौजदाराचे कान तापले, पण तिनं मान खाली घातली नाही.

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. ओरडतील, रडतील, काहीतरी करतील असं तिला वाटलं.

"डॉक्टरीणबाईंना फोन लाव," त्या म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

तिनं लावला. सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी रडत. डॉक्टरीणबाईंचं बरंच बोलणं ऐकून घेतलं. तासाभरात या, रक्त नव्यानं घेऊ, दुसरं औषध सुरू करू, असं ठरलं. तिनं फोन ठेवला.

सासूबाई अजून काउंटरपाशीच उभ्या होत्या. त्यांनी बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं.

"मग माझी पोर कशानं गेली गं?" त्यांनी विचारलं.